तोडीची पाळी आणि चेताजाल

परभणी जिल्ह्यातील अनेक शिक्षकांना एक अनुभव दरवर्षी येतो. दिवाळीची सुटी संपून शाळा भरते आणि वर्गातील काही जागा रिकाम्या दिसतात. त्या जागांवरची मुले आईवडिलांबरोबर ऊसतोडीला गेलेली असतात. त्याच सुमारास गोदावरीच्या आणि जायकवाडीच्या डाव्या कालव्याच्या काठचा ऊस तोडणीची वाट पाहत उभा असतो. पाथरी, सोनपेठ, गंगाखेड, पूर्णा या तालुक्यांतील कारखान्यांची धुराडी पेटतात आणि गावोगावी पारावर एकच प्रश्न ऐकू येतो : "आमची तोड कधी?"

हा प्रश्न किती गंभीर होऊ शकतो ते २०२१-२२ च्या हंगामात दिसले. त्या हंगामात महाराष्ट्रात सुमारे १,३२० लाख टन ऊस गाळला गेला आणि सुमारे १३७ लाख टन साखर तयार झाली. तरीही मे महिना उजाडला तेव्हा मराठवाड्यात कितीतरी फड उभेच होते. एप्रिल २०२२ मध्ये राज्य शासनाला अतिरिक्त उसासाठी अनुदान जाहीर करावे लागले. पन्नास किलोमीटरपेक्षा लांबून आणलेल्या उसाला दर टनामागे दर किलोमीटरला ५ रुपये, आणि साखर उतारा घटल्याबद्दल टनाला २०० रुपये असे त्याचे स्वरूप होते. हंगाम जूनपर्यंत लांबला.

तोडीचा क्रम बदलला म्हणून कारखान्याची गाळपक्षमता वाढत नाही, हे उघड आहे. पण आहे त्या क्षमतेत एकूण नुकसान किती होते आणि ते कोणाच्या वाट्याला येते, हे मात्र क्रमावरच अवलंबून असते. म्हणून 'आधी कोणाचा ऊस?' हा प्रश्न जसा गावकीचा आहे तसाच तो गणिताचाही आहे. उत्पादनाच्या वेळापत्रकाचा प्रश्न या नावाने तो जगभरच्या कारखान्यांना छळतो. तो सोडवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या साधनांपैकी एक म्हणजे कृत्रिम चेताजाल, म्हणजेच न्यूरल नेटवर्क. ते नेमके काय करते आणि काय करू शकत नाही, हे आपण तीन फडांचे छोटे उदाहरण घेऊन पाहू. त्यासाठी संगणक लागणार नाही. फळा, खडू आणि नऊ विद्यार्थी पुरेत.

क्रमाला एवढे महत्त्व का?

ऊस ठरावीक वयाला पक्व होतो. जुलै-ऑगस्टमध्ये लावलेला आडसाली ऊस साधारण १६ ते १८ महिन्यांनी तोडणीला येतो, तर जानेवारी-फेब्रुवारीतला सुरू ऊस सुमारे १२ महिन्यांनी. खोडवा त्याहून थोडा लवकर तयार होतो. कोवळा ऊस तोडला तर रसात साखर कमी भरते. पक्व ऊस फार काळ उभा राहिला तर त्याला तुरा येतो, कांडी पोकळ होऊ लागते, वजन आणि साखर दोन्ही घटतात. शिवाय शेत रिकामे होत नाही, म्हणून पुढचे पीक रखडते.

बरे, एकदम सगळा ऊस तोडून ठेवावा म्हटले तर तेही जमत नाही. तोडलेल्या उसातील सुक्रोजचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोजमध्ये विघटन होऊ लागते आणि पाणी उडून वजन उतरते. म्हणून शक्यतो २४ तासांच्या आत ऊस गव्हाणीत पडावा असा प्रयत्न असतो. गव्हाण मात्र रात्रंदिवस भरलेली हवी, कारण गिरणी थांबवून पुन्हा चालू करणे महागात पडते. मोजक्याच टोळ्या, मोजक्याच गाड्या, आणि प्रत्येक फडाचे वय वेगळे. कारखान्याचा शेतकी विभाग लागणीच्या नोंदी पाहून तोडणीचा कार्यक्रम आखतो तो या सर्व अडचणी सांभाळून.

तीन फडांचे कोडे

समजा, एका टोळीकडे तीन फड आहेत : क, ख आणि ग. प्रत्येक फड तोडायला एक आठवडा लागतो. तेव्हा तीन आठवड्यांत तीन फड कोणत्या क्रमाने तोडायचे एवढेच ठरवायचे आहे. पाळी योग्य वेळी आली नाही तर होणारे नुकसान आपण गुणांत मोजू. हे गुण काल्पनिक आहेत.

फड क (आडसाली, पुरता पक्व) : पहिल्या आठवड्यात तोडल्यास ०, दुसऱ्यात ४, तिसऱ्यात ९.
फड ख (खोडवा, पक्व) : पहिल्यात ०, दुसऱ्यात २, तिसऱ्यात ५.
फड ग (सुरू, अजून थोडा कोवळा) : पहिल्यात ६, दुसऱ्यात ३, तिसऱ्यात ०.

याखेरीज टोळी एका फडावरून दुसऱ्या फडावर जाते त्याचाही खर्च आहे. क आणि ग जवळजवळ आहेत, त्यांच्यातील हलण्याचा खर्च १. क आणि ख लांब आहेत, खर्च ५. ख आणि ग यांच्यात ४.

तीन फडांचे एकूण सहा क्रम होतात. मुलांना फळ्यावर सहाही मांडायला सांगावे. उत्तरे अशी येतील :

क-ख-ग : पाळीचे नुकसान २, हलण्याचा खर्च ९, एकूण ११
क-ग-ख : ८ आणि ५, एकूण १३
ख-क-ग : ४ आणि ६, एकूण १०
ख-ग-क : १२ आणि ५, एकूण १७
ग-क-ख : १५ आणि ६, एकूण २१
ग-ख-क : १७ आणि ९, एकूण २६

सर्वांत कमी नुकसान ख-क-ग या क्रमात आहे. 'ज्याचा ऊस सर्वांत जुना त्याची तोड आधी' हा साधा, सरळ नियम लावला असता तर आपण क पासून सुरुवात केली असती आणि हे उत्तर आपल्या हाती लागले नसते.

सहा क्रम तपासणे सोपे आहे. चार फडांचे क्रम २४ होतात, दहा फडांचे ३६,२८,८००. वीस फडांचे क्रम सुमारे २४३ वर सोळा शून्ये इतके भरतात. सेकंदाला शंभर कोटी क्रम तपासणारा संगणक असला तरी त्याला सुमारे ७७ वर्षे लागतील. पंचवीस फड घेतले तर हा काळ सुमारे ४९ कोटी वर्षांवर जातो.

येथे एक खुलासा करायला हवा. टोळीच्या हलण्याचा खर्च नसता आणि फक्त पाळीचेच नुकसान मोजायचे असते, तर सगळे क्रम तपासण्याची गरज पडली नसती. हॅरल्ड कून यांनी १९५५ मध्ये मांडलेली 'हंगेरियन पद्धत' असे प्रश्न झटपट आणि अचूक सोडवते. एका कामाचा खर्च त्याच्या आधी कोणते काम झाले यावर अवलंबून राहू लागला की खरी अडचण सुरू होते. तसेच अनेक कामे अनेक यंत्रांवरून वेगवेगळ्या क्रमाने न्यायची असतील तेव्हाही होते. १९६३ मध्ये फिशर आणि थॉम्प्सन यांनी दहा कामे आणि दहा यंत्रे असलेले एक कोडे प्रसिद्ध केले होते. त्याचे सर्वोत्तम उत्तर ९३० हेच आहे, याची सिद्धता कार्लिए आणि पिन्सॉं या फ्रेंच गणितज्ञांनी १९८९ मध्ये दिली. केवळ दहा कामांसाठी सव्वीस वर्षे!

कारखान्याला एवढा वेळ थांबता येत नाही. त्याला आजच्या आज एक बऱ्यापैकी चांगला क्रम हवा असतो. या ठिकाणी चेताजालाचा विचार पुढे येतो.

चेतापेशी : खरी आणि कृत्रिम

आपल्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी आहेत. प्रत्येक पेशीला इतर पेशींकडून संदेश येतात. काही संदेश तिला उत्तेजित करतात, काही दाबून धरतात. या सर्वांची बेरीज एका मर्यादेपलीकडे गेली की ती पेशी स्वतः पुढे संदेश पाठवते. १९४३ मध्ये मॅक्कलक आणि पिट्स यांनी या क्रियेचे अगदी सोपे गणिती रूप मांडले : आलेल्या संदेशांना त्यांच्या जोडणीच्या वजनाने गुणा, बेरीज करा, बेरीज मर्यादेपेक्षा जास्त असेल तर पेशी 'चालू', नाहीतर 'बंद'. ही झाली कृत्रिम चेतापेशी. अशा अनेक पेशी एकमेकींना जोडल्या की चेताजाल तयार होते.

१९८२ मध्ये जॉन हॉपफील्ड या भौतिकशास्त्रज्ञाने अशा जालाचा एक महत्त्वाचा गुणधर्म दाखवला. जोडणीचे वजन दोन्ही दिशांनी सारखे ठेवले, म्हणजे पहिली पेशी दुसरीला जेवढी दाबते तेवढीच दुसरी पहिलीला दाबते असे केले, आणि पेशींना एका वेळी एक याप्रमाणे आपली स्थिती बदलू दिली, तर संपूर्ण जालासाठी एक राशी लिहिता येते. तिला त्यांनी 'ऊर्जा' म्हटले. कोणतीही पेशी बदलली तरी ही ऊर्जा वाढत नाही; ती कमी होते किंवा तेवढीच राहते. उतारावर सोडलेला चेंडू जसा खळग्यात जाऊन थांबतो, तसे हे जाल शेवटी कुठेतरी स्थिरावते. कृत्रिम चेताजालांच्या पायाभूत कामाबद्दल २०२४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक हॉपफील्ड यांना जेफ्री हिंटन यांच्यासमवेत मिळाले.

आता युक्ती अशी : आपल्या कोड्यातील नुकसान हीच जालाची ऊर्जा होईल अशा रीतीने जोडण्यांची वजने निवडायची. मग जाल स्वतःहून कमी नुकसानीकडे घरंगळत जाईल. हॉपफील्ड आणि डेव्हिड टँक यांनी १९८५ मध्ये ही युक्ती फिरत्या विक्रेत्याच्या कोड्याला लावून दाखवली. दहा शहरे एकेकदा पाहून कमीत कमी अंतरात परत यायचे, असे ते कोडे आहे.

वर्गातील चेताजाल

आता नऊ विद्यार्थ्यांना तीन ओळींत आणि तीन रांगांत बसवा. ओळी म्हणजे क, ख, ग हे फड. रांगा म्हणजे पहिला, दुसरा, तिसरा आठवडा. प्रत्येक विद्यार्थी ही एक चेतापेशी आहे. उदाहरणार्थ, 'ख-२' हा विद्यार्थी उभा राहिला याचा अर्थ 'फड ख दुसऱ्या आठवड्यात तोडायचा'. योग्य वेळापत्रकात प्रत्येक ओळीत एकच आणि प्रत्येक रांगेतही एकच विद्यार्थी उभा हवा.

ओळी तीन आणि रांगा तीन, असे एकूण सहा नियम झाले. प्रत्येक मोडलेल्या नियमाला २० गुण दंड ठेवू. सुरुवातीला सगळे बसलेले आहेत, म्हणजे सहाही नियम मोडलेले. ऊर्जा झाली १२०.

आता प्रत्येक विद्यार्थ्याने आपली पाळी आली की पुढील हिशेब करायचा :

४० पासून सुरुवात करा. आपल्या फडाचे त्या आठवड्याचे नुकसान वजा करा. आपल्याच ओळीत किंवा रांगेत दुसरे कोणी उभे असेल तर दर व्यक्तीमागे ४० वजा करा. लगतच्या आठवड्यात दुसरा फड उभा असेल तर तेथून हलण्याचा खर्च वजा करा. उत्तर शून्यापेक्षा जास्त आले तर उभे राहा. ऋण आले तर बसा. शून्य आले तर आहात तसेच राहा.

हे ४० कुठून आले? विद्यार्थी उभा राहिला की त्याच्या ओळीचा आणि रांगेचा असे दोन दंड वाचतात, म्हणून.

क-१ पासून क्रमाने विचारत जाऊ. क-१ चा हिशेब : ४० वजा ० म्हणजे ४०. तो उभा राहतो, ऊर्जा १२० ची ८० होते. क-२ : ४० वजा ४, वजा ४० (ओळीत क-१ उभा आहे), उत्तर उणे ४. तो बसूनच राहतो. क-३ ही तसाच. ख-१ चे उत्तर शून्य, तोही बसलेला. ख-२ : ४० वजा २, वजा ५ (क वरून येण्याचा खर्च), म्हणजे ३३. तो उभा राहतो, ऊर्जा ४७. ख-३, ग-१, ग-२ यांचे हिशेब ऋण येतात. ग-३ : ४० वजा ०, वजा ४, म्हणजे ३६. तो उभा राहतो आणि ऊर्जा ११ वर येते.

आता पुन्हा एक फेरी घ्या. कोणीही जागचे हलत नाही. जाल स्थिरावले. उत्तर मिळाले क-ख-ग, नुकसान ११. उरलेली ऊर्जा ही वर फळ्यावर काढलेल्या नुकसानाइतकीच आहे, हे मुलांच्या नजरेस आणून द्यावे.

लक्षात घ्या, कोणाही विद्यार्थ्याला सगळे कोडे माहीत नव्हते. प्रत्येकाने केवळ आपली ओळ, आपली रांग आणि शेजारचा आठवडा पाहिला. सहा क्रमांची यादी कोणी केली नाही. तरीही सगळ्यांनी मिळून नियम पाळणारे आणि बऱ्यापैकी चांगले वेळापत्रक तयार केले. फड शंभर आणि पाळ्या शंभर असतील तर पेशी १०,००० होतील. क्रमांची संख्या जशी आवाक्याबाहेर जाते तशी ही संख्या जात नाही. चेताजालाचे बळ यात आहे.

खळग्यात अडकलेले जाल

पण सर्वोत्तम उत्तर १० होते आणि आपले जाल ११ वर थांबले. हाच खेळ ख-१ ला आधी विचारून सुरू केला तर ख-क-ग हा क्रम मिळतो आणि ऊर्जा १० होते. ग-१ पासून सुरू केला, मग क आणि शेवटी ख अशा ओळी घेतल्या, तर ग-क-ख येतो आणि ऊर्जा चक्क २१ वर अडकते. सुरुवात कुठून केली यावर शेवट ठरतो.

असे का होते? ११ वरून १० वर जायचे तर क आणि ख यांची अदलाबदल करावी लागेल. त्यासाठी आधी कोणीतरी बसायला हवे. ख-२ बसला तर ऊर्जा ११ वरून ४० वर चढते. मग ख-१ उठला आणि क-१ बसला तरी ती ४० च राहते. शेवटी क-२ उठतो तेव्हा ती ३० ने उतरून १० होते. म्हणजे वाटेत २९ गुणांचा चढ आहे, आणि आपल्या नियमात चढाला परवानगीच नाही. शेजारी अधिक खोल खळगा असूनही चेंडू उथळ खळग्यात पडून राहतो.

यावर उपाय आपल्या घरात पिढ्यान्‌पिढ्या वापरात आहे. पायलीने ज्वारी मापताना आपण माप हलवून घेतो. हलवल्याने काही दाणे क्षणभर वर उसळतात, पण शेवटी सगळे नीट बसतात. जालालाही असाच हेलकावा देतात. हिशेब ऋण आला तरी कधीमधी पेशीला चिठ्ठी टाकून चालू होऊ द्यायचे, आणि चालू पेशीला बंद. सुरुवातीला असे वारंवार घडू द्यायचे, मग हळूहळू कमी करत न्यायचे. तापवलेला धातू सावकाश थंड केला की त्याचे अणू सुव्यवस्थित बसतात, त्यावरून कर्कपॅट्रिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये ही कल्पना मांडली होती. कामे आणि यंत्रे यांच्या वेळापत्रकासाठी चेताजाल वापरण्याचा एक आरंभीचा प्रयत्न फू आणि ताकेफुजी यांनी १९८८ मध्ये प्रसिद्ध केला. त्यातही असेच यदृच्छेने हेलकावणारे जाल होते.

तरीही हा मार्ग वाटला होता तितका सोपा निघाला नाही. हॉपफील्ड आणि टँक यांना दहा शहरांच्या कोड्यात वीसपैकी सोळा वेळा नियमांत बसणारा मार्ग मिळाला होता. विल्सन आणि पॉली यांनी १९८८ मध्ये तोच प्रयोग करून पाहिला, तेव्हा बहुतेक वेळा जाल नियमांत बसणाऱ्या मार्गावर आलेच नाही. दंड फार मोठा ठेवला तर जाल पहिल्या खळग्यात रुतते. फार लहान ठेवला तर ते नियम मोडूनच स्थिरावते. आपल्या खेळात दंड २० ऐवजी २ ठेवून पाहा, म्हणजे सुरुवात ४० ऐवजी ४ पासून होईल आणि दर अडथळ्याला ४ वजा होतील. क-१ पासून क्रमाने विचारल्यास ख ची सारी ओळ बसूनच राहते, म्हणजे त्या शेतकऱ्याची तोड कार्यक्रमातून गळते!

शिकणारे जाल

आतापर्यंत पाहिलेल्या जालाची वजने आपणच ठरवून दिली होती. दुसऱ्या प्रकारचे जाल ही वजने अनुभवातून शिकते. त्याच्यासमोर अनेक उदाहरणे ठेवायची, त्याने दिलेले उत्तर आणि खरे उत्तर यांतील फरक मोजायचा, आणि तो फरक कमी होईल अशा बेताने प्रत्येक वजन किंचित बदलायचे. असे पुन्हा पुन्हा करत राहायचे. अनेक थर असलेल्या जालांना असे शिकवण्याची रीत रुमेलहार्ट, हिंटन आणि विल्यम्स यांच्या १९८६ मधील लेखाने सर्वदूर पोचवली.

वेळापत्रकात या जालाचा उपयोग दोन तऱ्हांनी होतो. पहिली तऱ्हा अंदाजाची. आपल्या कोड्यात 'फड क दुसऱ्या आठवड्यात तोडल्यास नुकसान ४' असे आपण गृहीत धरले. प्रत्यक्षात हा आकडा कुठून आणायचा? उसाची जात, लागणीची तारीख, पाऊस, तापमान, पाण्याच्या पाळ्या, हातातील रिफ्रॅक्टोमीटरवर घेतलेले रसाचे ब्रिक्स, उपग्रहाने टिपलेला पिकाचा रंग, अशा माहितीवरून जाल पक्वतेचा अंदाज बांधू शकते. बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने अलीकडच्या वर्षांत उसाच्या शेतीत कृत्रिम बुद्धिमत्तेचे प्रयोग हाती घेतले आहेत, ते याच दिशेचे आहेत.

दुसरी तऱ्हा निर्णयाची. एक यंत्र मोकळे झाले, समोर दहा कामे उभी आहेत, आता कोणते घ्यावे? जाल हजारो लुटुपुटीची वेळापत्रके करून पाहते आणि कोणत्या स्थितीत कोणती निवड शेवटी लाभाची ठरते ते शिकते. झँग आणि डिटरिच यांनी १९९५ मध्ये अमेरिकेच्या अवकाशयानांत चढवायच्या सामानाच्या तयारीचे वेळापत्रक घेऊन असे जाल शिकवले होते. २०२० नंतर या दिशेने संशोधन पुन्हा वेगाने होत आहे. मात्र अचूक गणिती पद्धतीही दरम्यान पुष्कळ सुधारल्या आहेत. म्हणून कित्येकदा अंदाज जालाकडून घेतात आणि क्रम लावण्याचे काम त्या पद्धतींवर सोपवतात.

नुकसान कोणाचे मोजायचे?

शेवटी पुन्हा आपल्या तीन फडांकडे येऊ. ख-क-ग हा क्रम सर्वांत कमी नुकसानीचा, म्हणून आपण त्याला सर्वोत्तम म्हटले. पण त्यात क च्या मालकाचे एकट्याचे ४ गुण बुडतात, बाकी दोघांचे काहीच बुडत नाही. उलट क-ख-ग या क्रमात कोणाही शेतकऱ्याचे २ पेक्षा जास्त जात नाही. वाढतो तो टोळीच्या हलण्याचा खर्च. 'कोणाही एका शेतकऱ्याचे नुकसान ३ पेक्षा जास्त होता कामा नये' असा एक नियम वाढवला तर सहा क्रमांपैकी क-ख-ग हा एकच उरतो. मघाशी जाल ११ वर अडकले म्हणून आपण हळहळलो होतो, तेच उत्तर आता बरोबर ठरते. जाल तेच, फड तेच. बदलला तो फक्त आपण लिहून दिलेला हिशेब.

आता दुसऱ्या बाजूने पाहा. टोळी हलते म्हणजे केवळ डिझेल जळत नाही. कोप्या मोडतात, दुसऱ्या शिवारात पुन्हा उभ्या राहतात, आणि आईवडिलांबरोबर गेलेले मूल आणखी एका अनोळखी गावात जाऊन पडते. हे लक्षात घेऊन हलण्याचे गुण दुप्पट धरले तर क-ख-ग चे नुकसान २० होते आणि ख-क-ग चे १६. पारडे पुन्हा ख-क-ग कडे झुकते. क च्या मालकाचे ४ गुण आणि टोळीतल्या मुलांची ससेहोलपट यांची तुलना कशी करायची? या प्रश्नाचे उत्तर चेताजालापाशी नाही. जे नुकसान आकड्यांत लिहिले गेले तेवढेच त्याला दिसते. जे लिहिले गेले नाही ते त्याच्या दृष्टीने शून्य.

म्हणून उद्या एखाद्या कारखान्याच्या कार्यालयात तोडीची पाळी संगणक सांगू लागला, तर 'संगणकानेच काढले आहे' एवढ्यावर गप्प बसू नये. त्याच्या ऊर्जेच्या हिशेबात काय काय धरले आहे आणि प्रत्येकाला वजन किती दिले आहे, हे विचारण्याचा हक्क शेतकऱ्यालाही आहे आणि मुकादमालाही. तो प्रश्न विचारायला उच्च गणित लागत नाही.

वर्गात हा खेळ घेतल्यावर शेवटचा अर्धा तास यासाठी राखून ठेवावा. मुलांचे तीन गट करावेत : एक शेतकऱ्यांचा, एक कारखान्याचा, एक टोळीचा. प्रत्येक गटाने आपापली गुणांची तक्ते बनवावीत आणि तेच नऊ विद्यार्थी पुन्हा उभे करावेत. तीन तक्त्यांतून तीन वेगळी वेळापत्रके येतात का, ते मुलांनी स्वतः पाहावे. मार्च-एप्रिलमध्ये टोळ्या गावी परततात आणि रिकाम्या जागांवरची मुले पुन्हा शाळेत येऊ लागतात. हा खेळ त्या वेळी घेतला तर फार बरे. हलण्याचे गुण किती धरावेत हे त्या मुलांइतके नेमके दुसरे कोण सांगणार?